वारज्याच्या पुढचं जुन्या गाड्यांचं दुकान: काचेवरचा पिवळा कागद आणि माझे चार स्टार

चार स्टार देतेय. पाचवा एसीने खाल्ला, ते रामायण पुढे येईलच.

दुकान वारज्याच्या पुढे बायपासच्या सर्व्हिस रोडला आहे. पत्र्याची शेड, समोर दहा-बारा गाड्या, आत एक लिफ्ट, एक टेबल आणि घरघरणारा कूलर. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मागे एका डोसेवाल्याचं कौतुक केलं तर चार जणांनी "किती मिळाले" म्हणून विचारलं होतं आणि एकाने तर माझं आडनाव आणि त्याचं आडनाव जुळवून बघितलं. त्या पट्ट्यात गेलात तर काचेवर पिवळे कागद लावलेलं दुकान एकच आहे, सापडेल.

तर तो पिवळा कागद. प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेला आतून कार्डशीट लावलेलं असतं, हाताने लिहिलेलं. लांबून मला वाटलं किंमत आणि हप्ता असेल, सगळीकडे असतो तसा. जवळ जाऊन वाचलं तर एका २०१८ च्या वॅगनआरवर लिहिलं होतं: मागचा बंपर आणि डिकी रंगवलेली, २०२१ मध्ये मागून धडक, क्लेम झालेला. क्लच निम्म्याहून जास्त संपलेला. पुढचे दोन टायर २०१९ चे, बदलावे लागतील. दुसरी चावी नाही. मालक दोन. बोजा (म्हणजे गाडीवरचं कर्ज) उतरवलेला, आरसीवर नाही. नवीन नंबर प्लेट बसवलेली. मीटर ६१,४०० आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात "शेवटची कंपनी सर्व्हिस ५८,९००, प्रिंट फाईलमध्ये".

मी उन्हात उभी राहून ते दोनदा वाचलं. नवरा तोपर्यंत आत बसून हॉर्न वाजवून बघत होता, गाडी घेताना त्याची तपासणी तेवढीच असते.

आता यात एवढं काय असं ज्यांना वाटत असेल त्यांनी जुनी गाडी विकलेली नाहीये किंवा घेतलेली नाहीये. आम्ही दोन्ही केलंय आणि दोन्हीकडे हात पोळलेत.

विकताना काय झालं ते आधी सांगते. सासऱ्यांची म्हणजे आप्पांची आय-टेन होती, २०१२ ची, २०२२ मध्ये डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी चालवणं बंद केलं आणि आम्ही ती एका डीलरला दिली, कुठला ते जाऊ दे. त्याने टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, आप्पांच्या सह्या घेतल्या, तारखेची जागा कोरी ठेवली, घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवली, चेक दिला, चेक वटला, पेढे आणले, विषय संपला. आठ महिन्यांनी आप्पांच्या मोबाईलवर चलनाचा मेसेज. सोलापूर हायवेला ओव्हरस्पीड. आप्पा आमचे आयुष्यात चाळीसच्या वर गेले नाहीत, ते दोन दिवस जेवले नाहीत नीट. चलन भरून टाकलं असतं, पण नवऱ्याने आरटीओच्या पोर्टलवर बघितलं तर गाडी अजून आप्पांच्याच नावावर! डीलरला फोन केला तर म्हणे "पार्टीने ट्रान्सफर केलं नसेल सर, बघतो."

बघतो म्हणजे काय बघतो. कायद्यात हे स्पष्ट आहे की. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याच्या कलम ५० मध्ये विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत, राज्याबाहेर गेली तर वेगळं. कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची पण आहे हे आम्हाला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं, आम्ही समजत होतो की सही केली म्हणजे सुटलो. आणि सुटलो नव्हतो हे किती भयंकर आहे ते मामेभावाने सांगितलं. तो शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो. म्हणाला, "ताई, चलनाचं सोड, कुणाला उडवलं असतं तर? २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, रजिस्टरवर ज्याचं नाव तो मालक, अपघाताच्या नुकसानभरपाईला तोच धरला जातो, मधे गाडी चार जणांना विकली असली तरी." हे आप्पांना सांगितलंच नाही आम्ही. नवऱ्याने संगम पुलाच्या आरटीओला तीन चकरा मारल्या, डीलरच्या दारात एक आख्खी सकाळ बसला, तेव्हा कुठे ती गाडी बार्शीच्या कुणाच्या तरी नावावर झाली.

म्हणून यावेळी मी गाडी बघायच्या आधी कागद बघायचे ठरवलं होतं.

घेतानाचा हात कुठे पोळला ते आता. खरं तर पोळता पोळता वाचला. यंदा मे महिन्यात दुसऱ्या एका ठिकाणी एक पांढरी हॅचबॅक बघितली होती, २०१९ ची, पहिला मालक, चकाचक, आतमध्ये दोन दोन परफ्यूम लावलेले. मालक कोण तर डॉक्टर. (पुण्यातल्या जुन्या गाड्यांचे मालक एक तर डॉक्टर असतात नाहीतर लेडीज, बाकीची जनता गाडी चालवतच नाही बहुतेक.) किंमत बाजारभावापेक्षा चाळीस हजार कमी. नवरा हुरळला. मी मागे बसले आणि मला परफ्यूमच्या खालून एक वास आला, ओली गोधडी दोन दिवस घडी करून ठेवल्यावर येतो तसा. माझी बहीण सिंहगड रोडला एकतानगरीजवळ राहते, जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सोसायट्यांमध्ये शिरलं तेव्हा तिच्या पार्किंगमधल्या गाड्या मी बघितल्यात, तो वास मी विसरणार नाही.

तिच्या शेजारच्या मेकॅनिकने तेव्हा सांगितलेली एक गोष्ट आठवली. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा, अगदी संपेपर्यंत. धुणारे लोक दिसतो तेवढा धुतात, शेवटची वीतभर पट्टी कायम आत गुंडाळलेली असते, तिकडे कुणाचा हात जात नाही. मी ओढला. ओढत गेले, ओढत गेले आणि शेवटाला मातकट रेघ, चहाचा कप टेबलावर ठेवल्यावर उमटते तशी, बेल्टच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग सीट मागे सरकवून खाली मोबाईलचा टॉर्च मारला तर सीटच्या लोखंडी पट्ट्यांना गंज. पुण्यातल्या पहिल्या मालकाच्या सहा वर्षांच्या गाडीला सीटखाली गंज कशाला येईल?

आणि पॉलिसी. ही युक्ती लिहून ठेवा, फुकट आहे. क्लेम न करता वर्ष गेलं की नो क्लेम बोनस चढत जातो, २० मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे मालक बदलला की आकडा काहीच सांगत नाही. पण एकच मालक असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर शून्य असेल तर बहुतेक मागच्या वर्षात क्लेम झालाय. इथे पॉलिसी सप्टेंबर २०२४ ची आणि बोनस शून्य. मी विचारलं हे कसं काय? "एजंटने चुकून टाकलंय मॅडम."

घरी आले, रविवार होता, मामाकडे जेवायला गेलो, तिथे मामेभावाला विचारलं की अरे गाडी पाण्यात गेली होती हे सांगायची सक्ती आहे की नाही डीलरवर? सांगितलं नाही तर काय?

त्याने वरण वाढून घेत घेत जे सांगितलं त्याच्यावर खरं तर हा सगळा रिव्ह्यू उभा आहे. म्हणाला, "आपल्याकडे असा फॉर्म नाही की ज्याच्यावर अपघात, पूर, रंगकाम लिहून द्यावंच लागतं. मालकी, बोजा, टॅक्स हे रजिस्टरवर दिसतं. बोजा लपवून विकला तर १९३० चा माल विक्री कायदा आहे, त्यात धरलेलंच आहे की न सांगितलेला बोजा मालावर नाही. पण गाडीची तब्येत? तिथे १८७२ च्या करार कायद्यात घोडा आहे."

घोडा?

"कलम १७, फसवणूक. उदाहरण दिलंय. अ ने ब ला लिलावात घोडा विकला, घोड्यात खोड आहे हे अ ला माहितीये, तो काही बोलला नाही. फसवणूक नाही. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नाही. पण पुढे अजून एक उदाहरण आहे. ब म्हणाला, तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा ठणठणीत आहे असं धरून चालतो. आणि अ गप्प बसला. तर ते गप्प बसणं म्हणजे बोलणंच."

म्हणजे विचारायचं. आणि असं विचारायचं की गप्प बसता येणार नाही. मामी म्हणाली दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला पण घोडेवाल्यांचा अनुभव आलेला दिसतोय.

मी तिथेच बसून मेसेज टाइप केला, वकिलाने दोन शब्द बदलले: "गाडी पाण्यात गेलेली नाही, मोठा अपघात नाही, मीटर बदललेलं नाही, कर्ज आणि चलन बाकी नाही, असं धरून मी टोकन देणार आहे. यातलं काही चूक असेल तर कळवा." पाठवला. दोन निळ्या टिका लगेच. मग टायपिंग दिसायला लागलं. मग बंद. मग परत टायपिंग. पाच-सहा मिनिटांनी उत्तर आलं, "मॅडम संडेला या बेस्ट प्राइस करून देतो" आणि खाली जोडलेले हात. आज रविवारच होता रे बाबा.

ती गाडी नंतर त्यांच्या दारात दिसली नाही, म्हणजे कुणीतरी घेतली. त्या माणसाने बेल्ट ओढला नसणार.

आता मूळ दुकानाकडे. वारज्याच्या या दुकानात बाप-लेक बसतात, वडील गल्ल्यावर आणि मुलगा गाड्यांपाशी, तिशीच्या आतला असेल. हाच मेसेज मी त्यालाही पाठवला, त्याच्या समोर उभी राहून, वाईट वाटलं जरा पण पाठवला. त्याने वाचला आणि म्हणाला, "मॅडम मोठा अपघात म्हणजे काय ते लिहा, नाहीतर उद्या बंपरला पण मोठा म्हणाल." बरोबर होतं त्याचं. मग त्याने स्वतःच पिवळ्या कागदाचा फोटो काढून माझ्या मेसेजला रिप्लाय म्हणून टाकला आणि खाली लिहिलं, "याच्या बाहेर आम्हाला माहिती असलेलं काही नाही, पाण्यातली नाही, मीटर कंपनी रेकॉर्डप्रमाणे, चलन आज चेक केलं शून्य." चलन त्याने समोर काढून दाखवलं, महाराष्ट्र ट्रॅफिकच्या साईटवर गाडी नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकून. चासी नंबर पण आरसीवरून वाचला नाही, बोनेट उघडून पत्र्यावरचा वाचला आणि आरसीशी जुळवला. अशा बारीक गोष्टी मला आवडतात.

मी आमचा मेकॅनिक नेला होता, धायरीचा, पंचवीस वर्षं गाड्याच करतोय. त्याला इथे कुणी अडवलं नाही, लिफ्ट वापरू दिली, चहा दिला. हे सांगतेय कारण बाकी दोन ठिकाणी "आमचं दोनशे पॉइंट चेकिंग झालंय, बाहेरचा माणूस अलाउड नाही" असं ऐकून आलो होतो. मेकॅनिकने फेंडरचे, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याचे, बोल्ट बघितले, डाव्या फेंडरच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला होता, म्हणजे कुणीतरी पाना लावलाय. काचा बघितल्या, सगळ्यांवर वर्षाची खूण एकच. मग मुलाला हाक मारली, "हा फेंडर काढलाय, तुमच्या कागदावर नाही."

इथे माझा जीव वर-खाली झाला. मुलगा वाकला, बघितलं, आत गेला, फाईल काढली, जुन्या मालकाला फोन लावला स्पीकरवर. मालक म्हणाले हो हो, पार्किंगमध्ये खांबाला घासली होती, सोसायटीतल्याच माणसाकडून करून घेतलं, क्लेम केला नाही म्हणून बोललो नाही. मुलाने खिशातून पेन काढून पिवळ्या कागदावर खाली लिहिलं, "डावा फेंडर बदलला, मालकाने तोंडी सांगितले", तारीख टाकली आणि सही केली. किंमत तीन पंच्याऐंशी होती, तिथून पाच हजार त्याने स्वतःहून कमी केले. क्लच आणि टायर दाखवून बाकीचे दहा नवऱ्याने कमी केले, त्याचं ते एक बरं आहे. तीन सत्तरला ठरलं.

टेबलामागे गणपतीच्या फोटोशेजारी फ्रेम करून एक सर्टिफिकेट लावलंय. आरटीओचं, जुन्या गाड्यांचा अधिकृत डीलर म्हणून. हे नवीन आहे, १ एप्रिल २०२३ पासून नियम लागू झाले, आधी जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओकडून असली परवानगी लागतच नव्हती, आता पाच वर्षांसाठी मिळते. आमच्या आप्पांच्या वेळी हे असतं तर ते दोन दिवस जेवले असते. कारण आता मालकाने गाडी असल्या डीलरच्या ताब्यात दिली की पोर्टलवर २९सी नावाचा फॉर्म भरून आरटीओला कळवायचं, आणि तिथून पुढे गाडीचा मालक डीलर धरला जातो, चलन आलं, कुणाला धडकली, तर निस्तरायचं त्याने. कोऱ्या तारखेच्या सह्या गल्ल्यात ठेवून सहा-सहा महिने ग्राहक शोधत बसायचं हा जो धंदा होता त्याच्यावर हा इलाज. वॅगनआरच्या आधीच्या मालकाने भरलेल्या २९सीची पोचपावती फाईलमध्ये होती, मी बघितली.

टेस्ट ड्राइव्हला जाताना मुलाने कॉम्प्युटरवर नोंद केली, कोण चालवणार, कशासाठी, किती वाजता, मीटर किती. मला वाटलं शिस्त म्हणून करतोय, तर म्हणे नाही, तो नियमच आहे, डीलरकडे असलेली गाडी ट्रायल, दाखवणं, दुरुस्ती, रंगकाम अशाच कामाला बाहेर काढायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. वडील गल्ल्यावरून म्हणाले, "पूर्वी याच गाड्यांतून लग्नाला जायचो आम्ही." खरं बोलले.

बिल पण द्यायला लावावं लागलं नाही. याच्यावर थोडं थांबते, कारण बहुतेक लोक इथे फसतात आणि त्यांना कळतही नाही. पुष्कळ ठिकाणी डीलर म्हणतो आम्ही फक्त मधे आहोत, तुमचा व्यवहार मालकाशी, आणि एक डिलिव्हरी नोट हातात देतो. ऐकायला साधं वाटतं. पण मग तुम्हाला विकणारा कोण, तर कुणी पेन्शनर काका, ज्यांना क्लच कुठे असतो ते माहिती नाही. उद्या काही निघालं तर ग्राहक आयोगात कुणाविरुद्ध जाणार? काकांचा गाड्या विकायचा धंदा नाही, तिथे आयोग नाही, सरळ दिवाणी कोर्ट आणि वर्षानुवर्षं तारखा. डीलरने स्वतःच्या नावाने बिल दिलं की तो विक्रेता झाला आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा त्याला लागू झाला, त्यात दोन वर्षांत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. इथे बिल त्यांच्या नावाने मिळालं. जीएसटी जुन्या गाडीवर १८ टक्के आहे पण तो डीलरच्या मार्जिनवर, आख्ख्या किमतीवर नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण बाणेरला एकाने मला पूर्ण किमतीवर अठरा टक्के लावून कच्चं कोटेशन दिलं होतं आणि "गव्हर्नमेंटला जातात मॅडम" म्हणाला होता.

दादा टेक्सासला असतो, त्याला पिवळ्या कागदाचा फोटो पाठवला तर म्हणाला आमच्याकडे हे सरकारच लावायला लावतं. १९८५ पासून तिकडे जुन्या गाड्यांच्या डीलरला प्रत्येक गाडीच्या काचेवर छापील कागद लावावा लागतो, त्यावर दोनच मुख्य चौकोन, वॉरंटी आहे किंवा जशी आहे तशी. आणि गाडी नावावर करताना मीटरचा आकडा विकणाऱ्याने सही करून द्यायचा, खोटा दिला तर केंद्राचाच कायदा आहे. मी म्हणलं बघा, काय देश आहे. तर दादा म्हणाला थांब, त्या कागदावर या गाडीत काय बिघडलंय ते लिहायची सक्ती नाहीये. आधीच्या मसुद्यात माहिती असलेले दोष लिहायचं होतं, ते १९८२ मध्ये तिकडच्या संसदेने हाणून पाडलं, मग आता मागच्या बाजूला गाड्यांमध्ये साधारण काय काय बिघडतं त्याची छापील यादी असते. म्हणजे हा वारज्याचा पोरगा त्यांच्याही एक पाऊल पुढे! दादाने जशी आहे तशी घेतलेल्या गाडीचा गिअरबॉक्स तिसऱ्या महिन्यात गेला होता, त्यामुळे तो जरा कडवटच बोलतो या विषयावर.

हं, आता पाचवा स्टार.

गाडी घरी आणल्यावर बाराव्या दिवशी एसी गेला. कात्रज बोगद्याच्या अलीकडे, आप्पा पुढे बसलेले, ऊन मी म्हणतंय आणि गरम हवा. कॉम्प्रेसर. साडेअकरा हजार. पिवळ्या कागदावर एसीबद्दल एक अक्षर नव्हतं. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम तुम्ही घेतली त्या दिवशी थंड होता, कागदावर माहिती असलेलं लिहितो, होणारं कसं लिहिणार?" मुद्दा बरोबर आहे आणि तरी राग आला. मी म्हणलं मग कागदावर "एसी चालू" असं तरी लिहायचं, काहीच न लिहिणं म्हणजे काय? तर गप्प. (घोडा आठवला मला.) शेवटी त्याने मजुरी दिली आणि पार्ट आमच्या गळ्यात, साधारण तीन हजार सुटले. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर असा एका दिवसात जात नाही, आवाज आधीपासून येत असणार, पण तोच मेकॅनिक ट्रायलच्या वेळी गाडीत होता, त्यामुळे हे त्याने मला फार मोठ्याने सांगितलं नाही.

दुसरं म्हणजे इन्शुरन्स. कागदावर लिहिलं होतं "इन्शुरन्स नोव्हेंबरपर्यंत", तेवढंच. हे अर्धं सत्य आहे. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग, आपोआप घेणाऱ्याकडे येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवून आपल्या नावावर करून घ्यायचा असतो, आणि तेव्हा जुन्या मालकाच्या नो क्लेम बोनसची रक्कम आपल्याकडून भरून घेतात. आम्हाला अठराशे भरावे लागले. पैसे फार नाहीत, पण सांगायला हवं होतं, आणि त्याहून जास्त म्हणजे चौदा दिवस सांगायला हवं होतं, मी स्वतः शोधलं नसतं तर मुदत गेली असती आणि मधे काही झालं असतं तर क्लेमला बसलो असतो बोंबलत. वडिलांना हे बोलले तर त्यांनी वहीत लिहून घेतलं. गेल्या आठवड्यात तिकडून जात होते तर मुद्दाम थांबून बघितलं, नवीन पिवळ्या कागदांवर "इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करा, बोनस मिळणार नाही" असं आलंय. एसीची ओळ पण आलीये. म्हणजे ऐकतात.

गाडी नावावर व्हायला पाच आठवडे लागले, तोपर्यंत मी दर चार दिवसांनी पोर्टलवर नंबर टाकून बघत होते, नवरा म्हणाला बारावीचा निकाल असल्यासारखं काय बघतेस. आरसी पोस्टाने घरी आली. आप्पांनी चष्मा लावून नाव, चासी नंबर, तारीख सगळं वाचलं, मग मला विचारलं की आधीच्या मालकाला फोन करून सांगितलंत का, त्यांच्या नावावरून गेली म्हणून? नव्हतं सांगितलं. फाईलमध्ये नंबर होता, त्यांनी स्वतः लावला आणि दहा मिनिटं बोलत बसले दोघं.

जाणार असाल तर: किंमत फार पडत नाही, दहा-पंधरा हजार सुटतील, त्याच्या वर घासाघीस केली तर मुलगा कागदाकडे बोट दाखवतो. कार्डने पैसे देऊ नका, वरचा चार्ज लावतात, सरळ बँकेतून पाठवा आणि पावती घ्या. पार्किंग समोरच आहे पण सर्व्हिस रोडला उलट्या दिशेने येणाऱ्या ट्रॅक्टरकडे लक्ष ठेवा. मेकॅनिक न्यायचा असेल तर गुरुवारी जाऊ नका, त्या भागात गुरुवारी लाईट जाते आणि मग लिफ्टवर गाडी चढत नाही.